आधी गंजगोलाईला विचारा

मंडळी, नांदेडचा माणूस लातुरात बोलायला उभा राहिला की सभागृह जरा सावध होतं. घाबरू नका, आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा विषय काढणार नाही. (हशा) मी चित्रकलेचा मास्तर. विषय यथार्थदर्शन, पोरांच्या भाषेत पर्स्पेक्टिव्ह. एलिमेंटरी, इंटरमिजिएट तुम्हाला सांगायला नकोत. दहावीचे वाढीव गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर! असो.

माझं म्हणणं एकच. शिकाऊ चित्रावर पहिला अभिप्राय माणसाचा नको, जागेचा हवा.

हल्ली पोरं चित्र काढतात, फोटो घेतात, ऑनलाइन टाकतात. खाली अंगठे आणि ‘मस्त रे’. कौतुकानं रेघ सुधरत नाही. टीकेनंही सुधरेलच असं नाही, हे मला नाक कापून घेऊन कळलं.

इथल्याच एका पोरानं गंजगोलाईतून निघणारा रस्ता काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातली, 1917 सालची ती गोल इमारत. तिला सोळा रस्ते. त्यातला कोणता ते सांगत नाही, बाकीचे पंधरा रुसतील. (हशा) मी चष्मा लावून पानभर लिहिलं: खांब कलंडलाय, उजवीकडची दुकानं आक्रसलीत. उत्तर आलं, ‘‘सर, मोबाइल तिरका धरला होता.’’ मग नीट समोरून काढलेला फोटो. खांब ताठ! मी चित्राच्या नाही, फोटोच्या चुका काढत होतो.

खरी चूक तशीच निसटली होती. दुकानाच्या पाट्या डोळ्यांच्या पातळीच्या वर, म्हणून दूर जाताना त्यांच्या रेघा खाली उतरतात. फूटपाथ पातळीच्या खाली, त्याची कड वर चढते. दोन्ही क्षितिजरेषेवरच्या एकाच लोपबिंदूला भेटतात. पोरानं दोन्ही उतरवल्या होत्या. रस्ता विहिरीत निघालेला. या वेळी मी चूक सांगितलीच नाही. म्हटलं, ‘‘त्याच जागी जा. एक डोळा मिट, हात ताठ कर, पेन्सिल आधी पाटीच्या कडेला लावून बघ, मग फूटपाथच्या.’’ संध्याकाळी निरोप आला, ‘‘सर, फूटपाथ तर वर चढायलाय!’’

फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीनं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हेच केलं. चित्राच्या फळीला भोक पाडलं, मागून डोळा लावला, समोर आरसा धरला आणि आरशातलं चित्र खऱ्या इमारतीशी ताडून पाहिलं. त्याला कुणाच्या अंगठ्याची गरज पडली नाही.

मागून कुणीतरी विचारतंय, ‘मग ऑनलाइन दाखवूच नये का?’ अहो, मी असं कधी म्हटलं? दाखवा की! पण कागद सरळ धरून, सोबत जागेचा फोटो, तोही तिथंच बसून काढलेला. आणि ‘कसं वाटलं’ विचारू नका. ‘क्षितिजरेषा बरोबर आहे का’ विचारा. पेपर सोडवायचा आणि लगेच चूक शोधायची, हा तर तुमचाच लातूर पॅटर्न. मी फक्त तपासनीस बदला म्हणतोय. (टाळ्या)

चिठ्ठी आली. दोन लोपबिंदूंचं राहिलंच की! एका दमात सांगतो: दोन्ही बिंदू कागदातच कोंबले तर इमारतीचा कोपरा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा अंगावर येतो. कागदाच्या दोन्ही बाजूंना वर्तमानपत्र चिकटवा, बिंदू तिकडं न्या.

अध्यक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतायत. साहेब, तुमच्या खुर्चीवरून ते गोल दिसत नाही, लंबगोल दिसतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, ही घ्या पेन्सिल.