न पाहिलेल्या दुकानदारावरचा विश्वास



गावातल्या वाण्याकडून आणलेली डाळ किडकी निघाली, तर गृहिणी तीच पुडी घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहते. चार गिऱ्हाइकांसमोर विचारलेला जाब वाण्याला टाळता येत नाही. इंटरनेटवरील खरेदीत ही सोयच उरत नाही. दुकानदार दिसत नाही, माल हाताळता येत नाही. मग ग्राहकाने विश्वास ठेवावा तो कशाच्या आधारावर?

भारतात या प्रश्नाचे उत्तर व्यवहारातूनच निघाले. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ साली बंगळुरूत ‘फ्लिपकार्ट’ सुरू केली ती पुस्तकविक्रीने. पुस्तक कोठूनही घेतले तरी मजकूर तोच, त्यामुळे फसगतीला वाव थोडा. २०१० मध्ये कंपनीने माल हाती पडल्यावर रोख पैसे घेण्याची पद्धत आणली. कार्ड नसलेला, किंवा असूनही ते वापरण्यास कचरणारा मोठा वर्ग त्यामुळे खरेदीकडे वळला. विक्रेत्याला ही पद्धत महाग पडते; दारातून परत गेलेल्या पार्सलाचा जाण्यायेण्याचा खर्च त्याच्याच माथी बसतो. परंतु जोखीम ग्राहकाऐवजी व्यापाऱ्याने उचलली, हेच तिच्या यशाचे मर्म होय.

सवलतीने गर्दी जमते, निष्ठा नव्हे. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी याच कंपनीने मोठा गाजावाजा करून महाविक्री योजली. माल संपला, किमती बदलल्या, नोंदविलेल्या मागण्या रद्द झाल्या. दुसऱ्याच दिवशी दोघा संस्थापकांनी ग्राहकांना पत्र लिहून क्षमा मागितली. व्यापारात असे पत्र विरळाच!

न पाहता मागणी नोंदविण्याची रीत महाराष्ट्राला मात्र अगदीच अपरिचित नव्हती. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे गट करून महिन्याच्या सामानाची यादी भरून देऊ लागली आणि आलेला माल आपसांत वाटून घेऊ लागली. तेथे शेजाऱ्याची साक्ष होती. आता ते काम अनोळखी लोकांचे अभिप्राय करतात, आणि नेमकी तेथेच भेसळ शिरली आहे. पैसे घेऊन लिहिलेली स्तुती सामान्य ग्राहकाने ओळखावी तरी कशी? भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी मानक तयार केले; परंतु ते आणले ऐच्छिक स्वरूपात.

कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावयास हवे. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार नमूद आहेत. न विचारता खरेदीच्या यादीत वस्तू घुसडणे हा त्यांपैकीच एक. विक्रेत्याने दाद दिली नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदविता येते. मागणीचा क्रमांक, पावती आणि पार्सल उघडतानाचे छायाचित्र मात्र तोवर जपून ठेवावे लागते.