झोपाळ्यावरची गादी



मंडळाच्या वर्धापनदिनी मीही दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी विदुषी नव्हे. तेव्हा चुकून शिकलेली एक गोष्ट सांगते.

आमच्या कोकणातल्या घरी पडवीत झोपाळा आहे. त्यावरच्या गादीची खोळ सासूबाईंनी आपल्या लुगड्यांची शिवलेली. त्या गेल्यावर आलेल्या पहिल्या पावसाळ्यात मी ती गादी प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून ठेवली. गणपतीच्या आधी सोडून पाहते, तो काळे ठिपके आणि कुबट वास! पावसाचा थेंबही आत गेला नव्हता. मामंजी काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी ते खुर्चीवर बसले.

भगिनींनो, कापूस हवेतली ओल शोषून घेतो. गुंडाळल्यावर तिला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि कोंदट ओलीत बुरशी माजते. म्हणून मृगापूर्वी गाद्या दोन्ही अंगांनी कडक उन्हात वाळवाव्या, पूर्ण निवल्यावर घरात माच्यावर भिंतीपासून दूर ठेवाव्या आणि सुती चादरीने झाकाव्या. पडवीत बसायला पातळ गादी ठेवावी. तिला काढता येणारी खोळ असावी, म्हणजे झड येताच उचलता येते. ताडपत्री घालायचीच तर खालून वारा खेळेल अशी घालावी आणि उघडीप मिळताच काढावी.

हल्लीच्या फोमच्या उशा स्पंजासारखे पाणी धरतात. भिजल्यास खोळ काढावी, उशी न पिळता दाबून पाणी काढावे आणि ती पंख्याखाली उभी ठेवावी. वरून कोरडी लागली तरी आत ओल असते. घाई करू नये. बुरशी घराबाहेर नेऊन, नाकातोंडाला फडके बांधून झटकावी. दमेकऱ्यांनी त्या कामात पडू नये.

आमच्या गादीतला कापूस टाकावा लागला. खोळ मात्र साबणाने धुऊन आश्विनातल्या उन्हात चार दिवस वाळवली आणि नवा कापूस भरून घेतला. ठिपके पुरते गेले नाहीत. गादी झोपाळ्यावर घातली, तेव्हा मामंजींनी त्यावरून हात फिरवला आणि चहा तिथेच मागितला.