रुग्णाच्या उशाशी



इंद्रायणीच्या उगमापाशी, लोहगड-विसापूरच्या छायेत वसलेल्या या मावळ मुलखात मी आपणा वैद्यांचे मनःपूर्वक स्वागत करतो. याच मुलखातील लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापून योगासारख्या श्रद्धेच्या विषयालाही क्ष-किरणांची व प्रयोगशाळेची कसोटी लावली, हे स्मरण आजच्या प्रसंगी अस्थानी ठरू नये.

वैद्य मायाळू असावा की निष्णात, हा वाद आमच्या खेड्यांतून नित्य ऐकू येतो. भाताच्या पेंढ्यात विंचू डसलेले पोर उचलून दवाखाना गाठणाऱ्या बापाला विचाराल, तर तो निःसंशय निष्णात वैद्यच मागेल, आणि मला त्याचेच म्हणणे पटते.

तथापि घाटाखाली महाड तालुक्यात जे घडले, ते ध्यानी घेतले म्हणजे हा वाद इतका सरळ राहत नाही. लाल विंचवाच्या दंशाने तेथे धडधाकट माणसे पाहता पाहता दगावत, आणि पाठ्यपुस्तकांत त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर अशा रोग्यांच्या उशाशी रात्ररात्र बसले. ओकारी, दरदरून सुटणारा घाम, गार पडणारे हातपाय, चढलेला रक्तदाब आणि अखेर फुप्फुसांत साठणारे पाणी, असा सारा क्रम त्यांनी टिपला, आणि विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचून हृदयावर असह्य भार पडतो हे ओळखून रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध योजले. १९८२ व १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांची निरीक्षणे छापली, आणि शेकडा चाळिसांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले.

येथे दया कोठे संपली आणि विद्या कोठे सुरू झाली, हे मला सांगता येत नाही. तो वैद्य रात्री घरी निघून जाता, तर तो क्रम कोणाच्याही दप्तरी लागला नसता. आणि नुसताच हात धरून बसता, तर रोगी गेलेच असते. माझा आक्षेप आहे तो मधुर वाणीने आपल्या अज्ञानावर पांघरूण घालणाऱ्या, वर्षानुवर्षे नवा ग्रंथ न उघडणाऱ्या वैद्यकीवर. लोक तिला दयाळू म्हणोत. मी तिला कसूरच म्हणेन.

आपल्या निवास-भोजनाची तजवीज स्वागतसमितीने यथाशक्ति केली आहे. त्याच्या मोबदल्यात एकच मागणे आहे : बऱ्या झालेल्या रोग्यांबरोबर, आपल्या हातून जे वाचले नाहीत त्यांचीही टिपणे, नावे वगळून, येथे मोकळेपणाने मांडावीत, आणि आमच्या आरोग्यकेंद्रांतील तरुण डॉक्टरांना ती उतरून घेऊ द्यावीत.