बरं वाटलं तरी...

माझ्या आपाला लघवीची जळजळ सुरू झाली, तेव्हा ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणत आम्ही सब्जाचं पाणी दिलं. लघवीत पू दिसे, पण नेहमीच्या तपासणीत जंतू सापडत नव्हते. अखेर निदान झालं, मूत्रपिंडाचा क्षय. औषधं सुरू झाली, ताप गेला, आम्ही निर्धास्त. पण या रोगात जखम भरता भरताच मूत्रनलिका आक्रसू शकते आणि मूत्रपिंड मुकाट निकामी होतं. वेळीच सोनोग्राफी केली, तर नलिकेत बारीक नळी घालून ते पुष्कळदा वाचवता येतं. आम्हाला उशीर झाला. दीड महिन्याच्या औषधांनंतर निकामी मूत्रपिंड काढावं लागलं. 6 महिन्यांचा कोर्स मात्र आपानं पुरा केला. आज ती एका मूत्रपिंडावर ठणठणीत आहे. तेव्हा औषधं मध्येच सोडू नका, अन् बरं वाटलं तरी तपासणी चुकवू नका.