बार्शीच्या नोंदवहीतून

'डॉक्टर, हल्ली कॅन्सर फार वाढलाय हो!' नवी पेठेतल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य सतत कानावर पडतं. खरं आहे, पण अर्धंच. 2022 मध्ये भारतात सुमारे 14 लाख नवे रुग्ण झाले असा अंदाज आहे. लोकसंख्येच्या वयातला फरक बाजूला काढला, तर आपल्याकडे लाखामागे शंभरच्या आसपास रुग्ण, अमेरिकेत साडेतीनशेच्या वर. म्हणजे रोग आपल्याकडे कमी. तरीही त्याच वर्षी आपली 9 लाखांहून जास्त माणसं कॅन्सरनं गेली. दुखणं अंगावर काढायची आपली सवय याला बरीच कारणीभूत आहे.

ही सवय मोडता येते, आणि ते आपल्याच सोलापूर जिल्ह्यात दिसलंय. बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावं तिच्यात होती. आजारी माणूस आपणहून दवाखान्यात येईल याचा भरवसा नाही, म्हणून कर्मचारीच गावोगाव जात, लोकांना लक्षणं समजावून सांगत, कुणाला काही त्रास आहे का विचारत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. ना नवं यंत्र, ना नवं औषध. गेले होते मोजायला, पण बोलण्याचाच गुण आला!

पुढे 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं टाटा हॉस्पिटलच्या साथीनं सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास केला. ज्या गटात आयुष्यात एकदाच गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, तिथं या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तेव्हा तिशी ओलांडलेल्या माझ्या बहिणींनो, काही होत नसलं तरी एकदा तपासून घ्या. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, घाण वासाचं पांढरं जाणं, हे सुनेला किंवा लेकीला सांगायला लाजू नका. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे, आणि ती आता पुण्यातही बनते.

मुंबई-पुण्यात स्तनाचा कॅन्सर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या केव्हाच पुढे गेलाय. स्तनातली गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणूनच ती राहून जाते.

आता पुरुषमंडळी. आपल्या पेठेत गिऱ्हाइकाला साड्या दाखवता दाखवता गालात मावा धरलेली कितीतरी पोरं आहेत. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते, ते टपरीवाल्याला विचारा. एका तरुणाला मी म्हटलं, तोंड उघड आणि तीन बोटं उभी धरून आत घाल. दोनच गेली. 'तिखट खाल्लं की आग होते, बाकी काही नाही,' म्हणाला. आतून गाल पांढुरका, चामड्यासारखा ताठ. हा अजून कॅन्सर नव्हे, पण त्याच्या दाराशी पोचलेली अवस्था आहे, आणि सुपारी एकटीसुद्धा ती आणते. 'मी तंबाखू काढून खातो' म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. मिश्री लावणाऱ्या आजीचंही तोंड तपासा. नातवाला ओरडताना तिची डबी कुणाला दिसत नाही! तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर सरळ सिव्हिलला जा.

तिथं कदाचित तुकडा काढायला सांगतील. 'तुकडा काढला की पसरतो' असं शेजारची मावशी सांगेल. तिच्या माणसाचा तुकडा काढला तेव्हा रोग आधीच पसरलेला असेल, आणि दोष सुईला लागला. तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यानं तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. तो काढल्याशिवाय कोणता उपचार करायचा हे डॉक्टरांना ठरवताच येत नाही. तेव्हा तुकडा काढू द्या, आणि रिपोर्ट आणायला स्वतः जा.