उलटी शिवण

आमच्या घरात दोरीवरसुद्धा जो कपडा टॉवेलखाली लपून वाळायचा, त्याविषयी आज बोलायचं आहे. संकोच वाटतोय. पण साठीकडे झुकलेल्या कवीनं चंद्राविषयी तरी किती बोलावं?

माझी अम्मी शिवणकाम करायची. गल्लीतल्या तालमीच्या पोरांचे लंगोट तीच शिवून द्यायची. मांजरपाटाचे, दुहेरी शिवणीचे. थोरली आपा शाळेत आठशे मीटर धावायची. १९७९ साली नववीत गेली आणि तिनं धावणं सोडलं. पोटात दुखतं, म्हणाली. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७७ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या बर्लिंग्टन गावी लिसा लिंडाल नावाची तरुणी याच अडचणीनं वैतागली होती. तिला अपस्माराचा त्रास. धावण्यानं स्वतःच्या शरीरावर विश्वास बसू लागलेला. धावताना छातीला आधार देणारा कपडा मात्र बाजारात नव्हता. बहिणीनं तिला विचारलं, पुरुषांना सपोर्टर असतो, आपल्याला का नाही? दोघी हसल्या. नवऱ्यानं तर स्वतःचा सपोर्टर छातीवर चढवून नक्कल केली. लिसाला त्या थट्टेत नमुना दिसला. नाटकाचे पोशाख करणारी तिची मैत्रीण पॉली स्मिथ आणि पॉलीची मदतनीस हिंडा मिलर मदतीला आल्या. दोन सपोर्टर आणले, उसवले, एकमेकांना जोडले. कमरेचा पट्टा छातीखाली आला, बाकीचे पट्टे पाठीवर फुलीसारखे गेले. लिसा धावे आणि हिंडा तिच्यापुढे उलट्या पावलांनी पळत निरखत राही. अशी परीक्षा कुठल्या प्रयोगशाळेत झाली असेल?

नाव आधी ‘जॉकब्रा’ ठरलं, मग ‘जॉगब्रा’ झालं. अंतर्वस्त्रांच्या दुकानांऐवजी त्यांनी खेळाच्या सामानाची दुकानं गाठली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पेटंट मिळालं १९७९ मध्येच. पुरुषांचा सपोर्टर मात्र १८७४ साली शिकागोत तयार झाला होता, बॉस्टनच्या दगडी रस्त्यांवर सायकल हाकणाऱ्यांसाठी. म्हणजे बायकांची पाळी यायला शंभरावर वर्षं गेली. तिघींची नावं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-सन्मानयादीत लागली ती २०२२ मध्ये.

हे भाषण लिहून झाल्यावर आपाला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “लंगोटाचं कापड तर नेहमी उरायचं रे.”