एका प्रश्नाची अनेक उत्तरे



चाकोरीबाहेरच्या विचारास एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली ‘लॅटरल थिंकिंग’ हे नाव दिले. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून मुलांस भूमिती दाखविली: त्रिकोण ताठ राहतो, चौकोन कलतो. काडी तीच, पाहण्याची दृष्टी निराळी.

हा सराव घरीही व्हावा. एक कटपीस मुलांपुढे ठेवून त्याचे दहा उपयोग विचारावेत. नंतर शिवण्याचे सर्व उपयोग वर्ज्य करून पुन्हा विचारावे. कोणत्याही उत्तरास हसू नये. हसण्याने पुढचे उत्तर ओठांतच विरते. पाठ केलेले एकच उत्तर बदलत्या बाजारात टिकत नाही. अनेकान्ताचा वारसा लाभलेल्या घरांत मुलांना दुसरे उत्तर देण्याची मुभा असावी, हीच नम्र विनंती.